निदानाचे पैसे द्या

गाझियाबादला पोस्टिंग आल्यापासून माझं एक मत पक्कं होत चाललं आहे. गाडी दुरुस्त करताना आपण पार्टचे पैसे मुकाट देतो, पण मिस्त्रीच्या डोक्याचे पैसे द्यायची वेळ आली की आपला हात आखडतो. जुन्या पिकअपचं डळमळतं आयडलिंग घ्या, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

गाडी न्यूट्रलमध्ये उभी आहे, पाय ॲक्सिलरेटरवर नाही आणि इंजिन मिनिटाला साधारण ७०० ते ८०० फेऱ्यांवर चाललं आहे. या वेळी इंजिन फक्त स्वतःला फिरवत ठेवतं. डिझेल अगदी मोजकं जातं. एका सिलिंडरला त्यातलं थोडं कमी मिळालं, तरी अख्खी केबिन थरथरते. रेस दिली की तोच दोष झाकला जातो. म्हणून जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत काही जण रेसचा स्क्रू थोडा फिरवून देतात. थरथर थांबते, गिऱ्हाईक खूश होतं. दोष मात्र होता तिथेच असतो, आणि वर डिझेल जास्त जळतं.

साहिबाबादच्या मंडीतून आमच्या भागात भाजी आणणाऱ्या एकाची नऊ वर्षांची डिझेल पिकअप अशीच झाली होती. सकाळी स्टार्ट व्हायला वेळ लागायचा, मग इंजिनाची रेस आपोआप वरखाली व्हायची. गॅरेजने सांगितलं, चारही नोझल बदला. आकडा ऐकून तो गडी गाडीच विकायला निघाला.

गाडी पाहिली ती ईएमईमधून निवृत्त झालेल्या एका हवालदारांनी. पाना हातात घेण्याआधी त्यांनी तीन प्रश्न विचारले. त्रास थंड इंजिनाला होतो की गरम? थरथर एका ठेक्यात आहे, की रेस वरखाली होते? आणि हे सुरू होण्याआधी गाडीवर शेवटचं काम कोणतं झालं होतं? एका ठेक्यातली थरथर बहुधा एखाद्या सिलिंडरकडे बोट दाखवते. रेस वरखाली होत असेल, तर आधी डिझेलचा पुरवठा तपासायचा. शेवटचं काम होतं डिझेल फिल्टर बदलण्याचं.

मग स्वस्तातल्या गोष्टी आधी. फिल्टरच्या तळातलं पाणी काढून पाहिलं. एअर क्लीनर आणि इंजिनाची फाउंडेशन रबरं पाहिली. त्यानंतर फिल्टरपुढे पारदर्शक नळीचा तुकडा जोडून इंजिन चालू केलं. नळीत बुडबुडे दिसले. टाकी आणि फिल्टर यांच्यामधल्या पाइपाची क्लिप ढिली होती. या भागात डिझेल ओढलं जातं, त्यामुळे बाहेर गळती दिसेलच असं नाही. फटीतून हवा आत जाते. नवी क्लिप लावली, हवा काढली, काम झालं. नोझल शाबूत होते.

बुडबुडे दिसले नसते, तर पुढची पायरी होती ईजीआर व्हॉल्व्हमधली काजळी. त्यानंतर चारही नोझलचं परतीचं डिझेल वेगवेगळ्या बाटल्यांत मोजायचं. ज्याची बाटली इतरांपेक्षा फार भरते, तो संशयित. जुन्या यांत्रिक पंपाच्या टाटा २०७ सारख्या गाडीत एकेका नोझलच्या पाइपाचा नट किंचित ढिला करून आवाज ऐकतात. ज्या सिलिंडरने आवाजात फरक पडत नाही, तो आळशी. पण कॉमन रेल इंजिनावर हा प्रयोग कधीही करू नका. तिथला दाब १,००० बारच्याही वर जातो. ती धार कातडी फोडून आत शिरते.

यात दोष एकट्या गॅरेजवाल्याला देऊन चालणार नाही. तासभर विचार करून त्याने एक क्लिप बदलली, तर आपण त्याला किती देतो? नोझल विकला तर त्याचा संसार चालतो. फौजेत मेकॅनिकचा पगार पार्ट विकण्यावर अवलंबून नसतो, म्हणून त्याला शोधायला फुरसत मिळते. तिथेही ताफा पहाटे निघायचा असेल, तर ‘बदलून टाका’ असाच हुकूम येतो आणि त्या घडीला तो बरोबरही असतो. मंडईच्या गाडीला मात्र तेवढी घाई नसते.

गाझियाबादमध्ये हा प्रश्न जास्त बोचतो. एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी आणली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. त्यानंतरही आदेश आणि सवलती यांचा घोळ चालूच आहे. नऊ वर्षांच्या गाडीचा मालक म्हणतो, राहिलेत किती दिवस, कशाला खर्च करू? तीच गाडी हिवाळ्याच्या धुरकट पहाटे मंडीच्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभी असते. पीयूसीमध्ये डिझेल गाडीचा धूर मोजतात तो रेस देऊन. आयडलिंगला ती कशी चालते, हे तिथे कोणी विचारत नाही.

वयाची अट सरकार आणि न्यायालय ठरवतील. आपल्या हातात एवढंच आहे: गॅरेजमध्ये गेल्यावर ‘काय बदलायचं?’ याच्या आधी ‘दोष कसा शोधलात?’ हे विचारायचं. उत्तर पटलं, तर त्या तासाचे पैसे वेगळे आणि राजीखुशीने द्यायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काढलेला पार्ट घरी न्यायचा. चार गिऱ्हाइकांनी असं केलं, तर पाचव्याच्या गाडीचे नोझल उगाच उतरणार नाहीत.