हात एकीकडे, मन दुसरीकडे

काल्हेरला आमच्या बिल्डिंगच्या मागे गोदामं आणि पुढे मेट्रोचे खांब. रात्री ट्रकची वर्दळ जरा ओसरली की माझा भाचा वही घेऊन वर येतो. वय सत्तावीस. दिवसभर भिवंडीत पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर म्हणून काम करतो. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही, हे मी मामा म्हणून सांगत नाही, त्याचे मालक सांगतात. चाळीस माग एकत्र खडखडत असताना हा दारात उभा राहून सांगतो, तिसऱ्या रांगेत धोटा उशिरा सुटतोय. शिकला कुठे? कुठेच नाही. बाराव्या-तेराव्या वर्षी बापाचा डबा द्यायला जायचा, तेवढंच.

आणि मन कुठे? गझलेत. तीही मराठी. भिवंडीत उर्दू मुशायरे ऐकत वाढलेला पोरगा मराठीत लिहितो, यावर घरात आधी हसून झालं, मग वाद झाला. सुरेश भटांच्या ‘गझलेची बाराखडी’वरून तो वृत्त शिकला. सहा वर्षांपूर्वी मात्रा मोजताना बोटं अडकायची. आता वृत्त सांभाळतो, काफिया चुकत नाही. तरी खरं सांगायचं तर दहातले दोन शेर बरे असतात. बाकीचे नीट बांधलेले, पण थंड.

आता सुरतहून बोलावणं आलंय. नवीन पद्धतीचे माग, पगार जवळजवळ दुप्पट. आपाने मला सांगितलं, ‘तू समजाव त्याला. अल्लाहने हातात दिलंय ते सोडून काय वही घेऊन बसलाय?’ त्यालाही जायचं नाही असं नाही. पण इथे त्याच्या वहीवर लाल पेन चालवणारे एक वयस्कर सर आहेत. दर शनिवारची ती बैठक सुरतेत मिळणार नाही. फोनवरून होईल, असं आपा म्हणते. होईलही. मला तसं वाटत नाही.

अशा वेळी माणसं सी. रामचंद्रांचं उदाहरण देतात. मीही दिलं होतं. पुणतांब्यात 1918 साली जन्मलेले रामचंद्र चितळकर सिनेमात आले ते नट व्हायला. 1935च्या ‘नागानंद’मध्ये नायक झाले, चित्रपट पडला. मग मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ भूमिका आणि पेटी वाजवणं. त्या पेटीतून पुढे ‘अलबेला’ आला, ‘अनारकली’ आली. बघ, अभिनय सुटला आणि खरी जागा सापडली, असं मी भाच्याला ऐकवलं. गोष्ट छान बसते. फक्त तिचं पुढचं पान मी सांगितलं नव्हतं. एवढं नाव मिळाल्यावर साठीच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ‘धनंजय’ आणि ‘घरकुल’ हे मराठी चित्रपट काढले, आणि त्यांत संगीत दिलं तसा अभिनयही केला. म्हणजे तीस वर्षं गाण्यांनी सगळं दिलं, तरी ती भूक काही गेली नव्हती. मी अर्धीच गोष्ट सांगून पोराला गप्प केलं, याची मला आता लाज वाटते.

तलत महमूद यांचं मात्र मला खुपतं. असा मखमली आवाज, आणि मन पडद्यावर दिसण्यात. ‘दिल-ए-नादान’, ‘लाला रुख’, ‘सोने की चिड़िया’, एकामागून एक चित्रपट. मी नेहमी म्हणतो, त्या वेळात आणखी गाणी गायली असती तर! पण हे कोण म्हणतंय? ऐकणारा. मला गाणी हवीत म्हणून त्यांनी गावं. लूममालकाला माग चालू हवेत, आपाला घरात पैसा हवा, म्हणून भाच्याने पाना धरावा. ‘तुझ्यात जे उपजत आहे तेच कर’ हा सल्ला बहुतेक वेळा ते ज्याच्या उपयोगाचं असतं तोच देतो. तो चुकीचा असतोच असं नाही. पण तो निःस्वार्थी आहे असं दाखवू नये.

उलट बाजूने ‘आवड असेल तेच कर, बाकी सोड’ म्हणणारेही मला पटत नाहीत. त्यांच्या घरचा हप्ता कोणी तरी भरत असतो. गझलेवर घरभाडं टाकलं की ती दुसऱ्या महिन्यात टाळ्यांसाठी लिहू लागते, हे मी मुशायऱ्यांत पाहिलंय. भाच्याला मी स्पष्ट सांगितलं, लूम सोडू नकोस. त्यावर तो हसला. ‘मामू, सोडतोय कोण? मागाचं मला काही करावंच लागत नाही, ते होतं. याचं करावं लागतं.’

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मागाबद्दल कोणी चूक दाखवली तर तो खांदे उडवतो. गझलेतली एक मात्रा चुकली म्हटलं तर रात्रभर झोपत नाही. उपजत आलेलं त्याला फुकट मिळालं, म्हणून त्याची किंमत जगाला जास्त आणि त्याला कमी. गझलेत तो मध्यम आहे, कदाचित मध्यमच राहील. पण माणूस म्हणून तो घडला असेल तर त्या मध्यम वहीत.

आपाला काल सांगून टाकलं, मी समजावणार नाही. ती रागावली आहे, ईदपर्यंत निवळेल. सुरतेला उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचंय. भाच्याने अजून काही ठरवलेलं नाही. वही मात्र माझ्याकडे ठेवून गेलाय, शुक्रवारच्या आत वाच म्हणून. आणि बजावलंय, ‘मामा म्हणून वाचू नका.’