न झालेल्या रोगाचे पेढे

परिचारिकेनें रुग्णालयांतील खाटेपाशीं रोग्याची वाट पाहात न बसतां लोकांच्या उंबरठ्यापर्यंत जावें, आणि रोग बरा करण्यापेक्षां तो होऊंच देऊं नये, हा मंत्र आमच्या सुशिक्षित समाजास आतां पाठ झाला आहे. या तत्त्वाशीं आमचें भांडण नाहीं. तें ज्यांच्या पायांवर चालतें, त्या स्त्रियांच्या पदरांत आपण काय टाकतों, एवढाच आमचा प्रश्न आहे.

तत्त्व खरें असल्याचा पुरावा घरचाच आहे. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं ३९ गांवांतील स्त्रियांना बाळंतिणीच्या घरीं जाऊन तान्हें मूल जपावयास शिकविलें. बाळास उबेंत ठेवणें, त्याचे श्वास मोजणें, जंतुदोषाचीं लक्षणें वेळींच ओळखून औषध टोंचणें, एवढीच ती विद्या! ना मोठी इमारत, ना मोलाचीं यंत्रें. तरीहि तुलनेसाठीं निवडलेल्या गांवांशीं ताडून पाहतां तेथील नवजात बालकांचे मृत्यु सुमारें ६२ टक्क्यांनीं घटले, असें १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें.

आतां मोबदल्याचें पाहूं. मैदानी मुलखांत साधारण ५००० वस्तीमागें एक आरोग्य-उपकेंद्र. तेथील परिचारिकेस प्रत्येक दार गांठणें अशक्य. म्हणून २००५ सालीं सरकारनें हजार वस्तीमागें एक ‘आशा’ नेमण्याचें ठरविलें व तिला ‘स्वयंसेविका’ म्हटलें. सारी मेख या शब्दांत आहे! स्वयंसेविका म्हटलें कीं पगार नको, निवृत्तिवेतन नको. कामागणिक कांहीं रुपये हातावर ठेवले कीं झालें. २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें या स्त्रियांचा गौरव केला आणि आपण टाळ्या वाजविल्या. टाळ्यांनीं चूल पेटत नाहीं. २०२३ सालीं याच महाराष्ट्रांत मानधनवाढीसाठीं त्यांना संप करावा लागला.

पगारानें सेवाभाव मलिन होतो, असें कोणी म्हणेल. मग डॉक्टरची फी घेऊन त्याचा सेवाभाव कसा उजळ राहतो? इंग्लंडांतील घरोघर जाणाऱ्या शुश्रूषेचा उगमच पाहा. १८५९ सालीं लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांनीं, आपल्या मरणोन्मुख पत्नीची सेवा केलेल्या मेरी रॉबिन्सन या परिचारिकेस गरिबांच्या घरीं धाडलें, तें पगार देऊन. तेथील हलाखी पाहून ती महिन्याभरांत सुटका मागूं लागली. तरी समजुतीनें राहिली. वेतनानें तिची करुणा आटली नाहीं.

खरें कारण निराळेंच आहे. बरा झालेला रोगी पेढे घेऊन येतो. न झालेल्या रोगाचे पेढे कोणी वाटीत नाहीं. जें टळलें तें दिसत नाहीं, आणि न दिसणारें काम स्त्रियांनीं फुकट करावें, हा तर आपल्या स्वयंपाकघरांतला जुना रिवाज! सरकारनें तोच दप्तरीं दाखल केला, इतकेंच. तो तेथून खोडावयाचा असेल तर ‘स्वयंसेविका’ हा शब्द आधीं खोडा, आणि त्याच्या जागीं ‘कर्मचारी’ असें स्वच्छ अक्षरांत लिहा.