विद्यार्थ्यांवरील एक आरोप

महाविद्यालयांच्या अध्यापक-कक्षांतून हल्लीं एक तक्रार वारंवार ऐकूं येते. देशांतील नामांकित प्राध्यापकांचीं व्याख्यानें घरबसल्या फुकट मिळत असतां आमचा विद्यार्थी त्यांचें चीज करीत नाहीं. चित्रफीत दुप्पट वेगानें पळवितो, किंवा ती चालू ठेवून चहाला जातो, आणि आठवड्याच्या प्रश्नांचीं उत्तरें टेलिग्रामवरून उतरून घेतो, असा तिचा आशय. यांतील वस्तुस्थिति आम्ही नाकारीत नाहीं. आमच्याच वर्गांतील एका हुशार मुलीनें ती आम्हांस न संकोचतां सांगितली. आम्ही रागें भरणार, तोंच ती म्हणाली, “सर, तें शिकण्यासाठीं नाहींच, क्रेडिटसाठीं आहे. शिकायचें असलें म्हणजे यूट्यूबवर मराठींत शिकवणारे एक सर आहेत, त्यांचें पाहतें.” या उत्तराचा विचार करतां आरोपीच्या पिंजऱ्यांत विद्यार्थ्यानें नव्हे, फिर्यादींनींच उभें राहिलें पाहिजे, असें आमचें मत बनलें आहे.

मुलें आळशी आहेत असें म्हणणें सोपें आहे. परंतु २०२० च्या टाळेबंदींत रेंज मिळावी म्हणून कोंकणांत डोंगर चढून बसणारीं मुलें याच पिढीचीं होतीं. परीक्षेच्या आदल्या रात्रीं एकच प्रमेय यूट्यूबवर दोन दोन तास मागें-पुढें करून समजावून घेणारा मुलगाही हाच. त्यास पडद्याचा कंटाळा आहे असें मुळींच नव्हे. अडलेला प्रश्न घेऊन जो आपण होऊन पडद्यापुढें बसतो, तो शिकतो. ज्यास हजेरीसाठीं बसविलें जातें, तो हजेरी लावतो.

आतां ही हजेरी मागितली कोणीं? आयआयटी व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनीं २००३ सालीं एनपीटीईएल आरंभिलें, तेव्हां त्या व्याख्यानांकडे येणारा गरजेपोटीं येई. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१६ च्या नियमांनीं एका सत्रांतील २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वरून घेण्यास मुभा दिली, पुढल्या वर्षीं ‘स्वयम्’ रीतसर सुरू झालें, आणि २०२१ सालीं ती मर्यादा ४० टक्क्यांवर गेली. एनपीटीईएलच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमांत उत्तम आठ गृहपाठांस २५ टक्के व केंद्रावरील परीक्षेस ७५ टक्के वजन असतें. हे गृहपाठ बहुतांशीं बहुपर्यायी असतात, कारण हजारों उत्तरें तपासावयाचीं तीं यंत्रानें. विद्यार्थ्यास हें पुरतें ठाऊक आहे. आपलें उत्तर कोणीच वाचणार नाहीं हें कळल्यावर तें आपणच लिहिण्याचा आग्रह त्यानें कां धरावा, हें नीतीचे पाठ देणाऱ्यांनीं आधीं सांगावें.

आम्हीही कांहीं धुतल्या तांदळासारखे नव्हतों. बी. ए.ला असतां शेक्सपियरचीं दोन नाटकें आम्हीं बाजारी गाईडांवर निभावलीं, व पुढें तींच नाटकें पंचवीस वर्षें शिकविलीं! १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ निघालें तें लंडनच्या धर्तीवर, केवळ परीक्षा घेणारें; पदवी व विद्या यांची फारकत तेव्हांपासूनची आहे. फरक इतकाच, कीं आमच्या काळीं गाईड लपवून आणावें लागे, कारण वर्गांत विचारणारा कोणी तरी उभा असे.

हा विचारणाराच आतां नाहींसा होऊं लागला आहे, आणि आमचें भांडण आहे तें येथें. २०१६ च्या त्याच नियमांत ‘स्वयम्’चा आश्रय केव्हां घ्यावा हें सांगतांना योग्य अध्यापक उपलब्ध नसणें हें एक कारण दिलें होतें. परंतु अध्यापक उपलब्ध कां नाहीं? महाराष्ट्रांत नेट-सेट झालेलीं, पीएच्. डी. मिळविलेलीं माणसें तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षें राबत आहेत. जागा रिकामी ठेवायची, तिच्यापुढें पडदा टांगायचा, आणि मुलें पडद्याकडे पाहत नाहींत म्हणून त्यांसच दोष द्यायचा, हा न्याय आम्हांस मान्य नाहीं. आमच्या महाविद्यालयांतील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक सहा वर्षांपूर्वीं निवृत्त झाले. यंदाच्या वेळापत्रकांत त्यांच्या नांवाच्या जागीं ‘स्वयम्’ असें छापलें आहे, आणि खोली क्रमांकाचा रकाना कोरा आहे.