समुद्रगायीचे मुद्दल

बारामती तालुक्यातील कन्हेरी परिसरात गोठ्याचा हिशेब घरोघरी ठाऊक असतो. नीट सांभाळलेली गाय वर्ष-सव्वा वर्षाने विते. एखादे जनावर दगावले, तरी काही वर्षांत दावण पुन्हा भरते. समुद्रातील गायीचा हिशेब मात्र निराळा आहे.

समुद्रगाय, म्हणजेच डुगाँग, हा मासा नव्हे. पिलाला दूध पाजणारा आणि श्वासासाठी पाण्यावर येणारा हा सस्तन प्राणी आहे. उथळ समुद्राच्या तळाशी वाढणारे सागरी गवत हा त्याचा आहार. मोठे जनावर दिवसाला ३० ते ४० किलो गवत खाते. आयुष्य ७० वर्षांपर्यंतचे. पण मादी एका वेळी एकच पिलू देते आणि दोन वितांमध्ये ३ ते ७ वर्षे जातात. येथे व्याज अत्यंत थोडे. म्हणूनच एक प्रौढ मादी गेली, की मुद्दलच बुडते.

असे मुद्दल बुडाल्याचा दाखला इतिहासात आहे. उत्तर पॅसिफिकमधील स्टेलरची समुद्रगाय १७४१ मध्ये शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडली आणि मांसासाठी झालेल्या शिकारीने १७६८ पर्यंत, अवघ्या २७ वर्षांत, नामशेष झाली.

भारतात समुद्रगाय कच्छचे आखात, अंदमान-निकोबार आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यालगत उरली आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचा समावेश आहे. तामिळनाडू सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात तिच्यासाठी देशातील पहिले संवर्धन राखीव क्षेत्र घोषित केले. सुमारे ४४८ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र तंजावर व पुदुकोट्टई जिल्ह्यांच्या किनाऱ्याला लागून आहे. याच किनाऱ्यावर तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजे भोसले यांनी बांधलेला आठ मजली मनोरा उभा आहे. मराठी राज्याची ती खूण आज समुद्रगायीच्या कुरणाशेजारी आहे.

क्षेत्र घोषित झाले, तरी खरी परीक्षा जाळ्यात होते. जाळ्यात अडकलेली समुद्रगाय वर येऊ शकली नाही, तर काही मिनिटांत गुदमरून मरते. तिला वाचवायचे, तर मच्छीमाराला स्वतःचे जाळे कापावे लागते. जाळे हेच त्याचे भांडवल. तरीही या किनाऱ्यावरील मच्छीमारांनी अशा समुद्रगायी सोडून दिल्या आहेत आणि वनखात्याने त्यांना बक्षीसही दिले आहे.

जीवदयेचा खर्च नेहमी कोणीतरी सोसतो. पांजरपोळासाठी वर्गणी देणाऱ्या घरांना हे वेगळे सांगायला नको. ज्याच्या हातात जाळे आहे, त्याच्या वहीत तो खर्च नुकसान म्हणून पडून राहू नये. समाजाने तो वाटून घ्यावा. तरच पुढच्या वेळीही जाळे कापले जाईल आणि समुद्रगायीचे मुद्दल शाबूत राहील.