टोकावरचे कुठे गेले?

‘विज्ञान : शाप की वरदान’ हा विषय आमच्या महाविद्यालयाच्या वक्तृत्व स्पर्धेत दरवर्षी नवे कपडे घालून येतो. यंदा तो ‘शस्त्राकडून शांतीकडे’ या नावाने आला. कला शाखेच्या मुलीने अग्निबाणांवर बोलावे याचे परीक्षकांना कौतुक वाटले असावे. मला दुसरा क्रमांक मिळाला. परंतु त्या भाषणात मी एक गोष्ट अर्धीच सांगितली होती. ती चूक परीक्षकांच्या लक्षात आली नाही. ती दाखवून दिली सातवीत शाळा सोडलेल्या माझ्या वडिलांनी. म्हणून हा लेखप्रपंच.

आमचे घर लोहाराचे. कॉलेजची पायरी चढणारी घरातली मी पहिलीच. आण्णा ऐरणीवर, आई घणावर आणि सुट्टीत मी भट्टीच्या पंख्यावर, अशी आमची वाटणी. मोडीत निघालेल्या ट्रकचा कमानपाटा आणायचा, तापवायचा, ठोकायचा आणि त्याचा ऊसतोडीचा कोयता करायचा, हे मी कळायला लागल्यापासून पाहत आले आहे. त्यामुळे सेवेतून काढलेल्या क्षेपणास्त्रांचे अग्निबाण करून त्यांच्यावरून उपग्रह सोडतात, हे ग्रंथालयात वाचले तेव्हा मला ते मुळीच परके वाटले नाही. मोडीतून नवे करणे यावरच आमची भाकर आहे.

भाषणात मी सांगितले ते असे. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत संघाने आर-३६एम नावाची महाकाय क्षेपणास्त्रे बनविली. त्यांचा आराखडा आणि बांधणी युक्रेनमधील द्निप्रोपेत्रोव्स्क या शहरातली. एकेकाचे वजन २०० टनांहून अधिक. आपल्याकडे धान्याचे पेव असते तशा जमिनीखालच्या खोल कोठीत ती उभी ठेवलेली असत. एकाच्या टोकावर १० पर्यंत अण्वस्त्रे बसत, आणि प्रत्येक अण्वस्त्र एकेक शहर बेचिराख करू शकेल एवढे. पाश्चात्त्य राष्ट्रांनी त्याला ‘सैतान’ असे नाव दिले होते. पुढे ३१ जुलै १९९१ रोजी अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात शस्त्रकपातीचा ‘स्टार्ट’ करार झाला. जी क्षेपणास्त्रे कमी करावयाची त्यांतील काही उपग्रह सोडण्यासाठी वापरण्याची मुभा त्यात होती. मग याच ‘सैताना’चे ‘द्नेपर’ झाले. त्याचे पहिले उड्डाण २१ एप्रिल १९९९ रोजी झाले आणि त्याने एक ब्रिटिश उपग्रह कक्षेत नेला. २०१५ पर्यंत २२ उड्डाणे झाली. त्यांतले एकच फसले. २०१४ च्या जूनमध्ये तर एकाच उड्डाणात ३० हून अधिक उपग्रह त्याने वर पोहोचविले.

अमेरिकेनेही हेच केले. ‘टायटन-२’ हे तिचे सर्वांत मोठे क्षेपणास्त्र. १९८७ पर्यंत ते सेवेतून गेले. त्यांतील १४ दुरुस्त करण्यात आली आणि १९८८ ते २००३ या काळात १३ उडाली. त्यांतल्या एकाने जानेवारी १९९४ मध्ये ‘क्लेमेंटाइन’ नावाचे यान चंद्राकडे पाठविले. शहरावर पडण्यासाठी वर्षानुवर्षे जमिनीत उभे असलेले लोखंड चंद्राचा नकाशा काढण्याच्या कामी आले!

सभागृहात टाळ्या पडल्या त्या मात्र पुढच्या उदाहरणाला. १७ मार्च २००२ रोजी रशियातील प्लेसेत्स्क येथून ‘रोकोत’ नावाचा अग्निबाण उडाला. त्याचे खालचे दोन टप्पे यूआर-१००एन या जुन्या क्षेपणास्त्राचे होते. त्याने अमेरिका आणि जर्मनी यांचे ‘ग्रेस’ हे जुळे उपग्रह कक्षेत सोडले. एकामागे एक, सुमारे २२० किलोमीटर अंतर राखून ते पृथ्वीभोवती फिरत. खाली वस्तुमान जास्त असेल तेथे गुरुत्वाकर्षण किंचित वाढते. पुढचा उपग्रह आधी ओढला जातो, मागचा नंतर. त्यामुळे दोघांतले अंतर बदलते, आणि केसाच्या जाडीहूनही कमी असलेला फरक त्यांना टिपता येई. तो फरक मोजून जमिनीखालचे पाणी वाढले की घटले हे कळते. या मोजमापांवरून २००९ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या सहा वर्षांत राजस्थान, पंजाब आणि हरियाणा या भागातील १०९ घन किलोमीटर भूजल उपसून संपले. आमच्या गावातही विंधन विहीर घेणारा आता पहिल्या दोनशे फुटांत पाण्याची आशा धरत नाही. ‘ग्रेस’ला एखाद्या गावाची विहीर दिसत नसे, त्याचे माप शेकडो किलोमीटरच्या मुलखाचे. पण आपल्या देशाच्या पायाखालचे पाणी आटते आहे हे आकाशातून मोजले गेले, आणि ते मोजणारे उपग्रह एका क्षेपणास्त्राने वर नेले, हे ऐकून सभागृह स्तब्ध झाले होते.

बक्षीस घेऊन घरी गेले. रात्री जेवताना सारे पुन्हा सांगितले. आण्णांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग त्याच्या टोकाला जे व्हतं, ते कुठं गेलं?”

मी म्हणाले, “ते आधीच काढून ठेवत्यात, आण्णा.”

“ठेवलं का मोडलं?”

मला उत्तर देता आले नाही.

हा प्रश्न त्यांनाच का पडावा, याचेही कारण आहे. मी आठवीत असताना गावात बांधावरून दोन भाऊ एकमेकांवर धावून गेले. त्यात चाललेला कोयता आमच्या ऐरणीवरचा होता. आण्णांना कोणी बोल लावला नाही. कोयता ऊस तोडायला दिला होता. तरी दोन दिवस आमची भट्टी पेटली नाही. तिसऱ्या दिवशी पेटली, कारण पोट होते. तेव्हापासून कोयता न्यायला कोण आले आहे हे आण्णा मान वर करून पाहतात.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन मी उत्तर शोधले. ते असे की, ‘स्टार्ट’ करारात मोजणी होती ती क्षेपणास्त्रांची आणि ती जेथून सुटतात त्या कोठ्यांची. टोकावरचे अण्वस्त्र काढलेच पाहिजे. पण काढलेले अण्वस्त्र मोडलेच पाहिजे असे बंधन त्या करारात नव्हते. म्हणजे वाहन आकाशात गेले, वर्तमानपत्रांत फोटो आले, माझ्यासारखीने भाषण ठोकले. आणि ज्याने माणसे मरावयाची त्याचा हिशेब मात्र निराळ्या वहीत राहिला!

तो हिशेब होऊच शकत नाही असेही नाही. १९९३ साली रशिया आणि अमेरिका यांच्यात आणखी एक करार झाला. रशियाच्या अण्वस्त्रांतील ५०० टन समृद्ध युरेनियम सौम्य करून त्याचे अणुभट्ट्यांसाठी इंधन करण्यात आले. हे काम २०१३ साली पुरे झाले. सुमारे २०,००० अण्वस्त्रांचा तो ऐवज होता. त्या काळात अमेरिकेतील दहा दिव्यांपैकी जवळजवळ एक दिवा त्या इंधनावर जळत होता, असे म्हणता येईल. खरी मोडतोड म्हणावी ती ही. मात्र तिची छायाचित्रे अग्निबाणाच्या उड्डाणाइतकी देखणी निघत नाहीत, आणि मलाही भाषण तयार करताना ती सापडली नव्हती.

काही जण म्हणतील, मग जुनी क्षेपणास्त्रे उडविण्याऐवजी कापून भंगारात का घालू नयेत? या म्हणण्यातही तथ्य आहे. ‘द्नेपर’चे इंधन अत्यंत विषारी. जुलै २००६ मध्ये फसलेले उड्डाण कझाकस्तानच्या माळावर कोसळले आणि तेथील जमीन त्या विषाने दूषित झाली. त्या माळावरच्या माणसाला शांतीचा हा प्रयोग कसा वाटला असेल? तरीही माझे मत वापराच्या बाजूचेच आहे. बनविण्यात गोरगरिबांचा पैसा एकदा गेलाच आहे. त्यातून ‘ग्रेस’सारखे काम होत असेल तर ते करावे. मात्र त्याला शस्त्रत्याग म्हणू नये.

कारण हा रस्ता दोन्ही बाजूंनी वाहता आहे. जगातला पहिला उपग्रह ‘स्पुटनिक’ ४ ऑक्टोबर १९५७ रोजी वर गेला तो आर-७ या क्षेपणास्त्राच्याच पाठीवरून. आपल्या देशात उलट घडले. १८ जुलै १९८० रोजी श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ या अग्निबाणाने ‘रोहिणी’ उपग्रह कक्षेत नेला. त्याच अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यावरून ‘अग्नी’ क्षेपणास्त्राचा पहिला टप्पा घडविला गेला आणि २२ मे १९८९ रोजी ‘अग्नी’ची चाचणी झाली. दोन्हींमागे डॉ. अब्दुल कलाम होते. याचा मलाही अभिमान वाटतो, हे लपवीत नाही. पण अभिमान वाटतो म्हणून विचार करू नये असे थोडेच आहे? लोखंड कोणत्याही घाटात जाते. ते कोणत्या घाटात न्यायचे हे माणसे ठरवितात, आणि माणसांचे ठरलेले मोडतेही.

‘द्नेपर’चेच पाहा. रशिया आणि युक्रेन या दोन देशांचे ते सामाईक काम. २०१४ साली दोघांत वैर पेटले आणि २०१५ नंतर ‘द्नेपर’ उडालेच नाही. ज्या शहरात ‘सैतान’ घडला, ज्याला आता द्निप्रो म्हणतात, त्याच शहरातील त्याच कारखान्यावर २१ नोव्हेंबर २०२४ रोजी रशियाचे नवे क्षेपणास्त्र येऊन पडले. उपग्रह नेणारे अग्निबाण होऊन गेले, तरी तो कारखाना क्षेपणास्त्राच्या वाटेतून सुटला नाही.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात एवढेच. क्षेपणास्त्रे निवृत्त होत असतील तर त्यांच्यावरून उपग्रह जरूर सोडावेत; पाणी, बर्फ, हवामान मोजणारे आधी सोडावेत. मात्र एक अग्निबाण उडाला की त्याच्या टोकावरची अण्वस्त्रे मोडल्याचा दाखला त्याच्याबरोबर जगाला द्यावा. आणि ‘पुढे चांगल्या कामाला येईल’ ही सबब सांगून नवे क्षेपणास्त्र कोणी घडवू नये. ऊस तोडण्यासाठी कोयता मुळातच करता येतो. त्यासाठी आधी तलवार करावी लागत नाही.

वाचकहो, पुढच्या वर्षी हा विषय पुन्हा कोणत्या तरी नावाने येईलच. मी पुन्हा बोलणार आहे. या वेळी आण्णांच्या प्रश्नाने सुरुवात करीन. क्रमांक आला नाही तरी चालेल.

(द्वितीय वर्ष, कला)