बाळंतिणीची संमती कोणी घेतली?

प्रसूतीनंतर वार पडल्यावर १० मिनिटांच्या आत, नाही तर पुढच्या ४८ तासांत, गर्भाशयात तांबी बसविता येते. सिझेरियन झाले असेल तर टाके घालण्यापूर्वीच बसविता येते. अंगावर पाजण्यास तिची आडकाठी नाही. एका प्रकारची तांबी पाच वर्षे तर दुसऱ्या प्रकारची दहा वर्षे काम देते, आणि मूल हवे झाले की ती काढता येते. दोन बाळंतपणांत अंतर राखण्यासाठी साधन चांगले आहे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो ते कोणाच्या निर्णयाने बसते, याविषयी.

या प्रश्नाला जुना इतिहास आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा त्यांच्यापुढे स्त्री होती. तिचे आरोग्य, तिचे सुख होते. सरकारने १९५२ साली हेच काम हाती घेतले आणि पुढे त्याच्यापुढे उरला तो आकडा. १९६५ साली गावोगाव प्लॅस्टिकचा लूप आला. बसविणारे पथक निघून गेले, मागे राहिली अंगावरून जाणारी आणि कोणाला सांगावे हे न कळणारी बाई. लूप बदनाम झाला, आणि दोष मात्र अडाणी बायकांच्या माथी मारण्यात आला! मग आली आणीबाणी. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या. त्या जुलमाचा धडा राज्यकर्त्यांनी एवढाच घेतला की पुरुषाच्या वाटेला जाऊ नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती. पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के होते. तांबी वापरणाऱ्या स्त्रिया जेमतेम २ टक्के.

म्हणजे सामान्य स्त्रीपुढे कायमची शस्त्रक्रिया किंवा काहीच नाही, एवढेच दोन मार्ग ठेवले गेले. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूरच्या शिबिरात एकाच डॉक्टराने काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या, आणि तेथे झालेले मृत्यू हे त्या मार्गाचे टोक होते. अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०१६ साली सांगावे लागले. या पार्श्वभूमीवर तांबीचे स्वागतच व्हावयास हवे. पण २०१४ पासून प्रसूतीनंतरच्या तांबीमागे आशाताईला १५० रुपये आणि बसविणाऱ्याला १५० रुपये असा मोबदलाही आला. आशाताईचे मानधन किती तुटपुंजे, हे तिच्या मोर्चांत चाललेल्या कार्यकर्त्यांना सांगावयास नको. तिला नियमित वेतन न देता डोईप्रमाणे पैसे द्यायचे, आणि तिच्याकडून निःपक्ष सल्ल्याची अपेक्षा करायची, ही शुद्ध लबाडी आहे.

कळांनी तळमळणाऱ्या बाईपुढे कागद धरून उठविलेला अंगठा ही संमती नव्हे. गरोदरपणाच्या तपासणीतच तांबी दाखवून, तिचे गुण-दोष सांगून, घरी विचार करण्यास वेळ दिला तर ती संमती. पाळी अधिक जाऊ शकते, पोटात दुखू शकते. बाळंतपणानंतर लगेच बसविलेली तांबी आपोआप निसटण्याचा संभव एरवीपेक्षा जास्त, म्हणून सहा आठवड्यांनी तपासणी हवी, हेही सांगितले पाहिजे. बीडची ऊसतोड करणारी स्त्री सहा आठवड्यांनी कोठे असेल? ऐन हंगामात ती पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील फडात असते. तपासणी तिच्या खोपीपर्यंत न्यावयाची कोणी, हे ठरविल्याशिवाय तांबी बसविणे म्हणजे लूपचीच पुनरावृत्ती.

तांबी हे भांडवलदारी जगाचे कारस्थान, असे म्हणून काही साथी हात झटकतात. त्यांच्या घरच्या सुशिक्षित स्त्रिया मात्र खासगी दवाखान्यात जाऊन हवे ते साधन घेतात! कष्टकरी स्त्रीला तोच अधिकार सरकारी दवाखान्यात मिळवून देणे, हे काम शाखांनी अंगावर घेतले पाहिजे. गावच्या आरोग्य समितीच्या बैठकीत एवढेच विचारावे: माहिती कोणत्या महिन्यात दिली जाते? नवऱ्यालाही बोलावले जाते काय? नसबंदीची गोष्ट त्याच्यापाशी कोणी काढते काय? आणि बसविलेल्या तांब्यांची नोंद आहे. पण काढून मागायला आलेल्या किती बायकांना ‘आणखी थोडे दिवस राहू दे’ म्हणून परत पाठविले, त्याची नोंद कोणत्या वहीत आहे?