खालिद जमीलची सात वर्षं

30 एप्रिल 2017 चा रविवार. शिलाँगच्या नेहरू स्टेडियमवर ऐझॉल एफसीला आय-लीग जिंकायला फक्त बरोबरी हवी होती, आणि नवव्याच मिनिटाला शिलाँग लाजाँगच्या दिपांदा डिकाने गोल करून सगळं गणित विस्कटून टाकलं. तिकडे कोलकात्यात त्याच वेळी मोहन बागानचा सामना चालू होता. बागान जिंकला आणि ऐझॉल हरला तर चषक कोलकात्याचा. डोंगररस्ते कापून मिझोरमहून आलेले पाठीराखे जवळजवळ तासभर श्वास रोखून बसले होते. 67व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने चेंडू जाळ्यात ढकलला. सामना 1-1 असा सुटला. ऐझॉल 37 गुण, बागान 36.

आदल्याच हंगामात हा ऐझॉल अव्वल लीगमधून खाली घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतलं, जागा रिकामी झाली, म्हणून फेडरेशनने त्याला परत बोलावलं. मोठ्या क्लबांच्या तुलनेत पैसा नाही, नावाजलेले खेळाडू नाहीत. ईशान्य भारतातल्या एखाद्या क्लबाने देशाची अव्वल लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. आणि या संघाच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून बसला होता मुंबईचा खालिद जमील. त्याच्यासोबत मुंबईहून आलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता मैदानात होते. गोलरक्षक होता गोव्याचा अल्बिनो गोम्स.

आणखी एक गोष्ट त्याच हंगामात घडली, तिची चर्चा मात्र फारशी झाली नाही. खालिदला आदल्या वर्षी निरोप देणारी मुंबई एफसी गुणतक्त्यात तळाला गेली आणि लीगबाहेर पडली.

खालिदचा जन्म 1977 चा, कुवेतमधला. आखाती युद्धाने तिथल्या हजारो भारतीय कुटुंबांसारखं त्याचंही घर उठवलं आणि तो भारतात आला. पुढे मुंबईच्या मैदानांवर तो मोठा झाला. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, पुन्हा महिंद्रा असा त्याचा मधल्या फळीतला प्रवास. भारताची निळी जर्सीही त्याने घातली. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन्ही मोठ्या क्लबांची बोलावणी आली, पण दोघांच्याही जर्सीवर मद्य कंपन्यांची नावं होती, म्हणून त्याने नकार दिला. विशीतल्या खेळाडूने कोलकात्याचा पैसा आणि प्रसिद्धी नाकारणं ही साधी बाब नव्हती. त्या काळी भारतात फुटबॉलपटूचं नाव व्हायचं ते कोलकात्यात किंवा गोव्यात.

महिंद्राच्या वर्षांत त्याला जवळून पाहायला मिळाला तो डेरिक परेरा. गोव्याचा हा माजी आंतरराष्ट्रीय बचावपटू खेळ सोडून प्रशिक्षक झाला आणि 2005-06 मध्ये त्याने महिंद्रा युनायटेडला राष्ट्रीय लीग जिंकून दिली. खेळाडूचा प्रशिक्षक कसा होतो, याचा धडा खालिदच्या समोरच होता. पण त्याचं स्वतःचं शरीर साथ देईना. दुखापतींनी पाठ धरली. 2007 मध्ये तो नव्याने निघालेल्या मुंबई एफसीत गेला. तिथे खेळाडू म्हणून फारसं काही करायला मिळालं नाही, मुलांचा संघ सांभाळायला मिळाला. 2009 मध्ये क्लबाने त्याला मुख्य प्रशिक्षक केलं. वय 32.

त्यानंतरची सात वर्षं त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा काळ, असं या सदराचं ठाम मत आहे. त्या सात वर्षांत मुंबई एफसीने एकही आय-लीग जिंकली नाही. संघ कधी मधल्या जागांवर, कधी तळाजवळ. पण खालच्या श्रेणीत गेला नाही, एकदाही नाही. मुंबईतल्या कूपरेज मैदानाचं काम चालू होतं तेव्हा घरचे सामने पुण्याला बालेवाडीत खेळावे लागले. म्हणजे मुंबईचा संघ, आणि मुंबईत मैदान नाही! चांगला खेळाडू तयार झाला की मोठा क्लब त्याला उचलून नेई. दर हंगामाला नवी मोट बांधायची आणि पुन्हा टिकून राहायचं.

या टंचाईतून खालिदची पद्धत घडली. बचावाची आणि मधल्या फळीची ओळ एकमेकींना खेटून ठेवायची, म्हणजे समोरच्याला मधून वाट मिळत नाही. चेंडू हाती लागला की इकडे-तिकडे रेंगाळायचं नाही. दोन-तीन पासांत तो कडेच्या खेळाडूकडे आणि तिथून थेट गोलसमोर. फ्रीकिक आणि कॉर्नर यांचा कसून सराव, कारण कमी ताकदीच्या संघाला गोल मिळायची तीच खात्रीची जागा. अनेक समीक्षकांनी या खेळाला रटाळ म्हटलं. पण ऐझॉलमध्ये हाच खेळ फळाला आला. मोहन बागानविरुद्धचा 22 एप्रिल 2017 चा निर्णायक सामना आठवावा: 82 मिनिटं ऐझॉलने किल्ला लढवला आणि 83व्या मिनिटाला झोहमिंगलियाना राल्टे या बचावपटूने डोक्याने गोल मारला. 1-0. शिलाँगला बरोबरीवर चषक मिळाला तो या गोलामुळे.

पुढचा रस्ता सरळ नव्हता. ईस्ट बंगालने त्याला बोलावलं; 2017-18 मध्ये संघ चौथा आला, सुपर कपच्या अंतिम फेरीत बंगळुरूकडून 4-1 ने हरला आणि खालिदचं पद गेलं. 2019 च्या जानेवारीत मोहन बागानने अर्ध्या हंगामासाठी त्याला घेतलं. मग तो गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये सहायक म्हणून गेला. 2021 च्या जानेवारीत मुख्य प्रशिक्षकाला काढलं तेव्हा हंगामी सूत्रं त्याच्याकडे आली आणि संघ सलग 10 सामने हरला नाही, थेट उपांत्य फेरीत पोचला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये क्लबाने त्याला कायम केलं. नॉर्थईस्ट ज्या लीगमध्ये खेळतो ती इंडियन सुपर लीग 2014 मध्ये सुरू झाली, आणि तिच्यात पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमलेला पहिला भारतीय मिळायला सात वर्षं लागली.

पुढच्या हंगामात संघ दहावा आला. खालिदला पुढचं काम मिळालं ते थेट खालच्या श्रेणीतल्या एफसी बंगळुरू युनायटेडमध्ये.

इथे तुलनेसाठी एका आयरिश फुटबॉलपटूची गोष्ट सांगायला हवी. ओवेन कॉयल जन्माने स्कॉटलंडचा, आई-वडील आयर्लंडच्या डोनेगलमधले. 1994 मध्ये तो आयर्लंडकडून एकच आंतरराष्ट्रीय सामना खेळला. प्रशिक्षक म्हणून त्याने 2009 मध्ये बर्नलीला प्रीमियर लीगमध्ये नेलं. नंतर विगन, अमेरिकेतलं ह्यूस्टन, ब्लॅकबर्न, रॉस काउंटी या सगळ्या नोकऱ्या लवकर संपल्या. तरी 2019 च्या डिसेंबरमध्ये चेन्नईयिनने त्याच्यावर विश्वास टाकला. तळाशी रुतलेला संघ त्याने अंतिम फेरीत नेला. मग जमशेदपूरला जाऊन 2021-22 मध्ये लीगमध्ये अव्वल येण्याची ढाल जिंकून दिली. कॉयलची कामगिरी अस्सल आहे, त्याच्याबद्दल आदरच वाटतो. पण हिशेब पाहा: चार क्लबांतून बाहेर पडलेल्या परदेशी प्रशिक्षकाला भारतात अव्वल लीगचं दार उघडं होतं, आणि देशाची लीग जिंकलेल्या भारतीय प्रशिक्षकाला एका वाईट हंगामानंतर खालच्या श्रेणीत उतरावं लागलं.

त्याच जमशेदपूरने 2023 च्या अखेरीस खालिदला बोलावलं, आणि त्याने संधीचं सोनं केलं. 2024-25 मध्ये संघ पाचवा आला, बाद फेरीत नॉर्थईस्टला त्यांच्याच घरी हरवलं, उपांत्य फेरीचा पहिला सामना बागानविरुद्ध जिंकला. दुसऱ्या सामन्यात जादा मिनिटांत बागानच्या अपुइयाच्या गोलाने घात केला. सुपर कपमध्येही संघ अंतिम फेरीपर्यंत पोचला, तिथे एफसी गोवाने 3-0 ने हरवलं. फेडरेशनने सलग दोन वर्षं त्याला सर्वोत्तम प्रशिक्षक ठरवलं. 1 ऑगस्ट 2025 रोजी तो भारताचा मुख्य प्रशिक्षक झाला. त्याआधी हे पद भारतीयाकडे होतं ते 2012 पर्यंत, गोव्याच्या सावियो मेदेराकडे.

सुरुवात झकास झाली. ताजिकिस्तानातल्या स्पर्धेत यजमानांनाच 2-1 ने हरवलं, आणि 8 सप्टेंबरला तिसऱ्या क्रमांकासाठी ओमानशी 1-1 बरोबरी करून पेनल्टींवर सामना काढला. गोलरक्षक गुरप्रीतने शेवटची पेनल्टी अडवली आणि भारताने ओमानला पहिल्यांदाच नमवलं. हे सगळं मोहन बागानने आपले खेळाडू सोडायला नकार दिलेला असताना. मग घसरण आली. 14 ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर छांगतेने आघाडी मिळवून देऊनही सिंगापूरकडून 1-2 असा पराभव झाला आणि आशियाई करंडकाची वाट बंद झाली. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही हरवलं. लगेच सल्ले सुरू झाले की परदेशी माणूस आणा. देशातली अव्वल लीग त्या हंगामात वेळेवर सुरूच झाली नव्हती, खेळाडूंच्या पायांत पुरेसे सामने नव्हते, हे मात्र कुणी फारसं बोललं नाही. खालिदच्या चुकांवर जरूर बोलावं. पण मुंबई एफसीत मिळाली तशी मुदत त्याला देशाच्या संघासोबतही मिळायला हवी. त्याची गुणवत्ता सात वर्षांच्या सलग कामातून दिसली होती, सात सामन्यांत नव्हे.

हे सगळं शहापूर तालुक्यातल्या खर्डीत बसून कशासाठी लिहायचं? खर्डी ते कूपरेज हे अंतर कसारा लोकलने जाऊन-येऊन एका दिवसात होणारं आहे. तरीही शहापूर-मुरबाड भागात फुटबॉल खेळणारी मुलं दिसतात ती पावसाळ्यात, चिखलात, आपापल्या हौसेने. भातकापणी झाली की मोकळ्या शेतांत टेनिस क्रिकेटचे चषक रंगतात, गावागावांत कबड्डीचे संघ आहेत. डोंगर चढून-उतरून तयार झालेल्या आश्रमशाळांतल्या मुलांच्या पायांत दम आहे, हे तालुक्याच्या धावण्याच्या शर्यती पाहणाऱ्या कुणालाही माहीत आहे. ऐझॉलकडे तरी याहून निराळं काय होतं? डोंगरातली मुलं, थोडा पैसा, आणि खेळ समजलेला एक माणूस.

तो माणूस घडवण्याची वाट आता सगळ्यांना खुली आहे. प्रशिक्षकाच्या परवान्यांची शिडी डी लायसन्सपासून सुरू होते, मग सी, बी, ए आणि शेवटी प्रो. खालिदकडे यातलं शेवटचं प्रो लायसन्स आहे. डी लायसन्सचे छोटे वर्ग महाराष्ट्रात विफा, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनमार्फत होतात. त्यासाठी माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू असावं लागत नाही. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या मुख्याध्यापकांना, आश्रमशाळांच्या चालकांना आणि ग्रामपंचायतींना म्हणूनच विनंती आहे: आपल्या शाळेतल्या एका तरी क्रीडाशिक्षकाला किंवा गावातल्या एका तरी खेळलेल्या तरुणाला या वर्गाला पाठवा, त्याची फी आणि प्रवासखर्च उचला, आणि परत आल्यावर त्याच्या हाती मुलं सोपवून त्याला काही वर्षं सलग काम करू द्या.